केबिनचा दाब घसरू लागला तर ‘ताबडतोब खाली’ की ‘आधी दोष शोधा’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एअरलाइनच्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, ३६,००० फुटांवर केबिनची उंची (म्हणजे आतला दाब बाहेरच्या किती फुटांवरच्या दाबाइतका आहे तो आकडा; दाब घसरला की तो वाढतो) आपोआप वाढायला लागली तर काय कराल? तुम्ही म्हणालात, ‘ताबडतोब इमर्जन्सी डिसेंट, थेट १०,००० फूट.’ त्यावर समोरच्या कॅप्टननं विचारलं, ‘खाली १५,००० फुटांचे डोंगर असतील तर? आणि नुसता व्हॉल्व्ह अडकला असेल तर?’ तिथे तुम्ही अडखळलात. आता तुम्हाला वाटतंय की आधी दोष शोधायचा आणि मग खाली यायचं, हे बरोबर उत्तर असावं.

तेही नाही. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेलीय, आणि मुलाखत घेणारा बहुधा तिचीच वाट बघत होता. इंजिनाला आग लागली तरी वैमानिकाचं डोकं ठणठणीत असतं. दाब गेला की पहिला घाव डोक्यावरच बसतो. ज्या डोक्यानं दोष शोधायचा, डोंगर आठवायचे, रेडिओवर बोलायचं, तेच मंद होत जातं, आणि मंद होतंय हे त्याला कळत नाही. म्हणून आधी विचार करायची ताकद सुरक्षित करायची, मग केबिन अजून आपल्या ताब्यात आहे का ते बघायचं, आणि त्यावरून किती खाली, किती वेगानं, कुठल्या दिशेनं ते ठरवायचं.

मी आधी बोइंग ७३७ आणि नंतर एअरबस ए३२० उडवलं, आणि आता सिम्युलेटरमध्ये शिकवतो. त्यामुळे खालची उदाहरणं याच दोन विमानांची आहेत. तुमच्या हातात पुढे जे विमान येईल त्याचं आणि तुमच्या कंपनीचं मॅन्युअल वेगळं काही सांगत असेल तर तेच धरा. मी इथे कारणं सांगतोय, चेकलिस्ट नाही.

आधी यंत्रणा नीट डोळ्यासमोर आणू. केबिन म्हणजे हवाबंद डबा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात ती वरून नळ सोडलेल्या आणि तळाला भोक असलेल्या बादलीसारखी असते. नळ म्हणजे इंजिनांमधून काढलेली गरम, दाबाखालची हवा. तिला ब्लीड एअर म्हणतात आणि ती पॅकमधून, म्हणजे हवा थंड करणाऱ्या यंत्रातून, केबिनमध्ये येते. भोक म्हणजे शेपटीकडचा आउटफ्लो व्हॉल्व्ह. नळ जवळजवळ एकसारखा चालू असतो. दाब सांभाळणारा कंट्रोलर भोक लहानमोठं करत राहतो आणि पातळी, म्हणजे दाब, हवा तिथे ठेवतो. ३६,००० फुटांवर बाहेरचा दाब चौरस इंचाला साधारण ३.३ पौंड असतो, तर समुद्रसपाटीला १४.७. केबिनमध्ये ८,००० फुटांच्या उंचीवर असतो त्याहून कमी दाब होऊ द्यायचा नाही, म्हणजे आत किमान १०.९ पौंड. बोइंग ७८७ ड्रीमलायनरमध्ये ब्लीडऐवजी विजेवरचे कंप्रेसर हवा भरतात आणि केबिन ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात, पण बादलीचं गणित तेच.

म्हणजे पातळी खाली जायची कारणं तीनच. नळ मंदावला किंवा बंद झाला, भोक नको तितकं उघडलं, किंवा बादलीलाच तडा गेला. वैमानिकाला समोरच्या पॅनेलवर वाचायचंय ते एवढंच. पण वाचायला बसण्याआधी मास्क.

का, ते सांगतो. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण वर गेलं की एकूण दाबच कमी होतो आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायला जोर उरत नाही. दाब एकदम गेला तर उलटंच घडतं, रक्तातला ऑक्सिजन फुप्फुसाच्या वाटेनं बाहेर यायला लागतो. श्वास रोखून धरायचा तर प्रश्नच नाही. हवा फुप्फुसातून सुटणारच, आणि रोखायचा प्रयत्न केलात तर फुप्फुसालाच इजा होईल. हाताशी असलेल्या शुद्धीच्या वेळेचे आकडे पाठच करून ठेवा. २५,००० फुटांवर ३ ते ५ मिनिटं, ३५,००० वर अर्धा ते एक मिनिट, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब झपाट्यानं गेला तर यातला निम्मा वेळ वजा धरायचा. आणि हे आकडे बेशुद्ध पडायचे नाहीत, उपयोगी काम करता येण्याचे आहेत. माणूस त्यानंतरही डोळे उघडे ठेवून बसलेला असू शकतो, फक्त त्याच्याकडून काही होत नाही.

संधी मिळाली तर कमी दाबाच्या चेंबरमधलं प्रशिक्षण जरूर घ्या. तिथे चेंबर २५,००० फुटांपर्यंत नेतात, मास्क काढायला सांगतात आणि हातात कागद देऊन शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. माझ्या समोरच्या बाकावर एक अनुभवी कॅप्टन होता. ९३, ८६, ७९ इथपर्यंत अक्षर सुरेख. मग ७२ दोनदा लिहिलं. मग ६५ च्या जागी पुन्हा ७९, आणि ओळ तिरकी होत कागदाच्या कोपऱ्याकडे निघाली. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर साठीच्या घरात आला होता, नखं निळसर दिसत होती आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू. शिक्षकानं स्पष्ट सांगितलं, ‘मास्क लावा.’ त्यानं मान डोलावली आणि लिहीत राहिला. पुन्हा सांगितलं, पुन्हा मान डोलावली. शेवटी शेजाऱ्यानं मास्क त्याच्या तोंडावर धरला. चार-पाच श्वासांत तो ताळ्यावर आला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘माझं गणित तर व्यवस्थित चाललं होतं.’ कागद दाखवेपर्यंत त्याला पटलं नाही.

हायपॉक्सियाची, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याची, लक्षणं प्रत्येकाची निराळी असतात. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाला ऊब वाटते, कुणाची नजर कडेनं अंधारते, कुणी चिडतं. बऱ्याच जणांना नुसतं छान वाटतं, आणि तेच सगळ्यात घातक. म्हणून ‘लक्षणं जाणवली की मास्क लावू’ हा हिशेब कॉकपिटमध्ये चालत नाही. केबिनची उंची वाढल्याचा भोंगा वाजला की मास्क. खरा की खोटा, हे मास्क लावून ठरवायचं. खोटा निघाला तर मास्क पुन्हा घडी करून ठेवायचा त्रास, बाकी काही गेलं नाही.

यासाठी हेलिओस या एअरलाइनच्या अपघाताचा अहवाल वाचायला हवा. १४ ऑगस्ट २००५, सायप्रसमधल्या लार्नाकाहून निघालेलं ७३७. आदल्या तपासणीनंतर प्रेशरायझेशनचा नॉब ‘मॅन्युअल’वर, म्हणजे व्हॉल्व्ह हातानं चालवायच्या मोडवर, राहिला होता आणि उड्डाणाआधी तो कुणाच्या लक्षात आला नाही. विमान चढत गेलं, केबिनही सोबत चढत गेली. भोंगा वाजला, पण ७३७ वर टेकऑफची जुळणी (फ्लॅप वगैरेंची मांडणी) चुकली की जो आवाज येतो तोच केबिनच्या उंचीचाही. हवेत जुळणीचा भोंगा वाजण्याचं कारणच नाही, तरी वैमानिकांनी तो जुळणीचाच धरला. पुढे कॅप्टन जमिनीवरच्या इंजिनिअरशी उपकरणांच्या कूलिंगबद्दल बोलत राहिला. इंजिनिअरनं प्रेशरायझेशनचं पॅनेल ‘ऑटो’वर आहे का असं विचारलंसुद्धा. त्यावर कॅप्टननं उलट विचारलं की कूलिंगचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत. चेंबरमधला तो कागदच हा, फक्त रेडिओवर वाचून दाखवलेला. ऑटोपायलटनं विमान ३४,००० फुटांवर नेलं, अथेन्सपाशी घिरट्या घालत ठेवलं आणि इंधन संपल्यावर ते पडलं. १२१ जण गेले. नंतर ७३७ च्या पॅनेलवर या दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे आले. ते असूनही मी सिम्युलेटरमध्ये शिकवतो ते हेच, की हवेत हा भोंगा वाजला तर त्याचा अर्थ एकच.

मास्क लावणं ऐकायला सोपं वाटतं. वैमानिकाचा मास्क एका हातानं पाच सेकंदांत लावता यायला हवा, असा नियम आहे आणि तो लावता येतो. बाजूच्या कप्प्यातून बाहेर येणाऱ्या दोन लाल पकडी दाबून मास्क उपसायचा, पट्टे हवेनं फुगतात, ते डोक्यावरून घालून पकडी सोडायच्या, की पट्टे आवळून बसतात. नवख्यांची गडबड होते ती यानंतर. हेडसेट आधी उतरवलेला नसतो, चष्मा अडकतो, नळीचा वळसा हाताभोवती बसतो. आणि सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं, की मास्क दोघांच्या तोंडावर आहेत, पण एकाचा माइक मास्कवर गेलेलाच नाही. मग दोघं हातवारे करतात. कानात नुसता श्वासाचा खर्र-खर्र आवाज. म्हणून क्रम पक्का: मास्क, रेग्युलेटर १०० टक्क्यांवर, आणि मग ‘ऐकू येतंय का?’ समोरून ‘हो’ आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. तुम्ही सिम्युलेटरच्या परीक्षेला जाल तेव्हा या ‘हो’साठी थांबलेले तीन सेकंद परीक्षकाला फार आवडतात.

आता निदान. एक डोळा घड्याळावर ठेवून पॅनेलवरचे चार आकडे बघायचे: केबिनची उंची, ती मिनिटाला किती वेगानं चढतेय, आत-बाहेरच्या दाबातला फरक, आणि आउटफ्लो व्हॉल्व्ह कुठे आहे. यातला शेवटचा आकडा सगळ्यात बोलका असतो.

समजा केबिन मिनिटाला हजार फुटांनी चढतेय आणि व्हॉल्व्ह बराच उघडा दिसतोय. म्हणजे हवा भोकातून जातेय. कंट्रोलर चुकतोय. ही चांगली बातमी आहे, कारण भोक आपल्याला हातानं बंद करता येतं. ए३२० वर दोन कंट्रोलर असतात, एक काम करतो, दुसरा राखीव. एक बिघडला की दुसरा आपोआप ताबा घेतो, पण कधी कधी बिघडलेल्यालाच आपण बिघडलोय हे कळत नाही. मग मोड मॅन्युअलवर घेऊन व्हॉल्व्ह बंदच्या दिशेनं चालवायचा. इथे धीर लागतो. मॅन्युअलमध्ये व्हॉल्व्ह संथ हलतो, काटा सरकलेला दिसायला दहा-एक सेकंद लागू शकतात. तेवढ्यात ‘हे चालत नाही’ म्हणून हात काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. बटण धरून ठेवा, आणि व्हॉल्व्ह हलतो का, केबिनचा चढण्याचा वेग मोडतो का, ते बघा.

दुसरी शक्यता अशी, की व्हॉल्व्ह आधीच पूर्ण बंद आहे आणि तरी केबिन चढतेय. म्हणजे कंट्रोलर बिचारा आपलं काम करतोय, पण नळातून पाणी येत नाहीये किंवा बादली फुटलीय. मग नजर ब्लीड आणि पॅकवर. दोन्ही पॅक बंद पडले असतील तर केबिन एकदम रिकामी होत नाही. दारांच्या सीलमधून, इकडून तिकडून हवा झिरपते आणि हातात काही मिनिटं असतात. याचा अर्थ चहा मागवायचा असा नाही, पण विमान डोक्यावर उलटं करायचीही गरज नसते. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगून नेहमीच्या पद्धतीनं, जरा वेगानं, खाली यायचं. इशारा वाजायच्या आधीच केबिन १०,००० फुटांच्या आत ठेवता आली तर प्रवाशांच्या डोक्यावर मास्क पडतही नाहीत. ते साधारण केबिन १४,००० फुटांना पोहोचली की आपोआप पडतात.

नळ बंद राहण्याचं एक उदाहरण २० सप्टेंबर २०१८ चं. जेट एअरवेजचं मुंबईहून जयपूरला निघालेलं ७३७. इंजिनांची ब्लीड चालू करायची राहिली, विमान चढलं तशी केबिन चढली, मास्क पडले, अनेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. म्हणून मी शिकवताना सांगतो की चढताना १०,००० फुटांच्या आसपास केबिनच्या आकड्याकडे एक नजर टाकायची. दोन सेकंदांचं काम. त्या उंचीला केबिन हजार-दोन हजार फुटांच्या आसपास असायला हवी. विमानाच्याच उंचीला असेल तर चढणं तिथेच थांबवा.

तिसरी शक्यता तुम्हाला शोधायला लागत नाही. धडाम् आवाज, कान एकदम मोकळे होतात किंवा दुखतात, सगळीकडे धुकं (हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात, धूर समजू नका), धूळ, कागद उडतात आणि बाहेरचं उणे पन्नासच्या आसपासचं तापमान आत शिरतं. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स-९ च्या भिंतीतला, न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा भाग १५,००० फुटांच्या सुमाराला निखळला, तेव्हा कॉकपिटचं दारही उघडलं. ते तसंच बनवलेलं होतं, पण क्रूला त्याची कल्पना नव्हती. हाताशी ठेवलेली तातडीची चेकलिस्ट त्या वाऱ्यात बाहेर उडून गेली. पहिली काही पावलं पाठ असायलाच हवीत, हा आग्रह का असतो, हे यावरून समजेल.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: इशारा आला की मास्क आणि बोलणं. मग व्हॉल्व्हकडे बघून ठरवायचं की केबिन ताब्यात येतेय का. येत असेल तर सांभाळत खाली. येत नसेल किंवा शंका असेल, तर इमर्जन्सी डिसेंट. शंकेचा फायदा नेहमी डिसेंटला. निदानासाठी मी सिम्युलेटरमध्ये फार तर वीस-तीस सेकंद देतो, आणि केबिन झपाट्यानं चढत असेल तर तेही नाही.

डिसेंटमध्ये थ्रस्ट आयडलला (इंजिनांचा जोर किमान), पंखांवरचे स्पीडब्रेक पूर्ण उघडे, वेग कमाल मर्यादेजवळ. विमान मिनिटाला पाच-सहा हजार फुटांनी खाली येतं. प्रवाशांना कोसळल्यासारखं वाटतं, पण नाक काही अंशच खाली असतं. ३६,००० वरून १०,००० ला पोहोचायला साधारण पाच मिनिटं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत रासायनिक जनरेटरमधून येतो आणि तो सुमारे बारा मिनिटं पुरतो. पाच आणि बारा, म्हणजे गणित आरामात बसतं. पण ते बसतं ते खाली सपाट जमीन किंवा समुद्र असेल तेव्हा.

तुमच्या कॅप्टनचा डोंगरांचा प्रश्न इथे येतो. १०,००० फूट हे लक्ष्य तेव्हाच, जेव्हा तिथली किमान सुरक्षित उंची त्याहून कमी असेल. नाहीतर त्या सुरक्षित उंचीवर थांबायचं, मास्क लावूनच पुढे जायचं आणि जमीन उतरली की खाली यायचं. हिमालय, तिबेट, हिंदुकुश, अँडीज यांच्यावरून जाणाऱ्या मार्गांसाठी बाहेर पडायचे रस्ते आधीच आखलेले असतात: या बिंदूच्या आत घटना घडली तर डावीकडे अमुक दिशेला वळून इतक्या मिनिटांत इतक्या फुटांवर, त्यापुढे घडली तर सरळ पुढे. त्या मिनिटांचा मेळ विमानातल्या ऑक्सिजनशी घातलेला असतो, म्हणूनच काही मार्गांवर बारा मिनिटांचे जनरेटर असलेलं विमान चालतच नाही. हे रस्ते त्या प्रदेशात शिरण्यापूर्वी दोघांनी मोठ्यानं बोलून ठेवायचे. वर गेल्यावर नकाशा उलगडायला वेळ नसतो.

१४ मे २०१८ ला सिचुआन एअरलाइन्सच्या ए३१९ ची उजवी काच ३२,००० फुटांच्या सुमाराला निघून गेली. विमान ल्हासाकडे निघालेलं होतं, खाली उंच डोंगर. को-पायलट अर्धा बाहेर ओढला गेला, पॅनेलची मोडतोड झाली, वाऱ्याच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नव्हता. अशा अवस्थेतही क्रूनं आधी २४,००० फुटांवर थांबून, डोंगरांपासून बाजूला आल्यावरच आणखी खाली यायला सुरुवात केली आणि विमान चेंगदूला सुखरूप उतरवलं. ‘ताबडतोब १०,०००’ हे तिथे जीवघेणं ठरलं असतं.

दुसरी गोष्ट वेगाची. काही फुटल्याचा आवाज आला असेल, थरथर असेल, कंट्रोल वेगळे लागत असतील, तर कमाल वेगानं खाली येणं म्हणजे फाटलेल्या कापडाला हिसका देणं. तेव्हा आहे तोच वेग ठेवा किंवा कमी करा आणि हालचाली सावकाश करा. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं साधारण १८ फुटांचं छत २४,००० फुटांवर उडालं. एक केबिन क्रू सदस्य गेली, बाकी सगळे वाचले. खाली आल्यावर कॅप्टनच्या लक्षात आलं की वेग १७० नॉटच्या खाली नेला की विमान नीट ऐकत नाही, म्हणून तिथून पुढे तोच वेग धरून ते उतरवलं. त्या क्षणी विमान जे सांगतंय त्याप्रमाणे वागायचं. नेमकी मोडतोड किती झालीय ते कॉकपिटमधून कळत नाहीच.

एटीसीला मेडे (संकटाचा संदेश) द्या, ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड टाका, पण विमान खाली झुकल्यावर. मार्गावर तुमच्या खाली हजार फुटांवर दुसरं विमान असू शकतं, म्हणून शक्य तिथे बाजूला वळून उतरा, आणि टीसीएएसकडे (टक्कर टाळण्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेकडे) लक्ष ठेवा. मास्कमधून बोलताना आवाज घोगरा आणि तुटक जातो. छोटी वाक्यं बोला, श्वास सोडताना बोला.

केबिनच्या बाजूबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एअरलाइनमध्ये गेलात की लागेल. मास्क पडले की केबिन क्रूनं ट्रॉली सोडून जवळची सीट पकडून मास्क लावायचा असतो. उभं राहून धावपळ करणाऱ्याचा ऑक्सिजन बसलेल्यापेक्षा लवकर संपतो, त्यामुळे ‘आधी प्रवाशांना मदत’ करायला गेलेला क्रू पहिल्यांदा कोसळतो. प्रवाशांच्या मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. दोरी ताणून मास्क खाली ओढला की जनरेटर सुरू होतो आणि जळकट वास येतो, तो आगीचा नसतो. आणि मास्क नाकावरही हवा. १७ एप्रिल २०१८ ला साउथवेस्टच्या ७३७ ची इंजिनाचे तुकडे लागून खिडकी फुटली, त्यातल्या प्रवाशांनी काढलेल्या फोटोंत बहुतेकांचे मास्क फक्त तोंडावर होते. सूचना रोज ऐकूनही असं होतं, त्यामुळे खाली आल्यावर उद्घोषणा करताना सोप्या शब्दांत, सावकाश बोला. कॅप्टनचा शांत आवाज त्या वेळी खूप काम करतो.

१०,००० फुटांवर स्थिरावलात की मास्क उतरवता येतो, पण तिथे काम संपत नाही. त्या उंचीवर इंजिनं मैलामागे कितीतरी जास्त इंधन पितात आणि विमान जमिनीवरून हळू सरकतं. वर असताना पोहोचता आलं असतं तो विमानतळ आता आवाक्यात नसू शकतो. समुद्रावरच्या लांब उड्डाणांमध्ये याच घटनेसाठी इंधन धरलेलं असतं: सगळ्यात अडचणीच्या बिंदूला दाब गेला आणि उरलेला रस्ता खालूनच कापावा लागला तर किती लागेल, असं. शिवाय तिथे ढग आणि बर्फ असतात, वर असताना तुम्ही त्यांच्या डोक्यावरून जात होता. म्हणून आधी जवळचा योग्य विमानतळ, मग इंधन, मग हवामान, आणि या सगळ्यात केबिनमधून कुणाला लागलंय का याची खबर. कान दुखणं साधारण असतं. सांधे दुखतायत किंवा कुणी आदल्या दिवशी खोल पाण्यात डायव्हिंग केलंय असं कळलं, तर उतरल्यावर डॉक्टर तयार ठेवायला सांगा.

आणि एक गोष्ट जी मुलाखतीत क्वचितच विचारतात. तुम्ही हवेत व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेऊन बंद केला होता ना? तो तसाच राहिला तर जमिनीवरही केबिनमध्ये दाब उरतो. क्रूझमध्ये, म्हणजे वरच्या स्थिर उंचीवर, चौरस इंचाला आठ पौंडांच्या फरकानं, एका दारावर आठ-नऊ टनांचा जोर असतो. जमिनीवर त्याचा छोटासा अंश जरी उरला तरी दार उघडताच ते फटकन सुटतं. नोव्हेंबर २००० मध्ये मायामीला आपत्कालीन लँडिंगनंतर दाब पूर्ण न सोडलेल्या ए३०० चं दार उघडताना केबिन क्रूमधला एक जण बाहेर फेकला गेला आणि दगावला. त्यामुळे मॅन्युअलवर उतरत असाल तर लँडिंगच्या आधीच्या तपासणीत व्हॉल्व्ह उघडणं धरा, थांबल्यावर दाबाचा फरक शून्य आलाय हे स्वतः बघा, आणि तोवर केबिनला दार उघडू नका असं सांगा. एअरबसच्या दारांवर उरलेल्या दाबासाठी लाल दिवा असतो; क्रूला तो बघायची सवय लावा, विशेषतः घाईत उतरायची वेळ आली असेल तेव्हा.